गोगलगाय

डोकं तासून गुळगुळीत,
कवटीभोवती चार स्क्रूंची चौकट,
आणि बोगद्यात सरकण्याआधी बेलार्मिनो विचारतो,
"पाणी एवढं गार कशाला?"
हाड तापू नये म्हणून, मी सांगते.

ओव्हिएदोच्या या तळघरात माझं काम एवढंच:
दर माऱ्यानंतर पाटी पुढे करायची.
"गोगलगाय काढा."
सकाळची पहिली म्हणजे भूकंपाची नोंद.
दुसरी जरा बरी.
ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या हजार तिरिपा
मेंदूत खोलवर, वाटाण्याएवढ्याही नसलेल्या जागी भेटतात
आणि एक ठिपका जळतो.
सुरी नाही, टाका नाही.

पाचव्या खेपेला तो कागदाकडे बघत राहिला,
मग हाताकडे,
परक्याचा असावा तसा.

एकेचाळीस वर्षं सफरचंदाची सिद्रा ओतली त्यानं,
बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीखाली,
मधली धार न बघता.
शेवटची सहा वर्षं गिऱ्हाइकांचे बूट भिजले.

जूनमध्ये मी त्याच्या दुकानी गेले.
उजवा हात वर, बाटली निश्चल,
धार ओळंब्यागत सरळ.
खाली पेला मात्र थुईथुई.
एकाच बाजूचं केलंय आम्ही;
डाव्याचं विचारलं की डॉक्टर म्हणतात,
अजून पुरेसं कळलेलं नाही, थांबा.

गल्ल्यावरून ओलिवा उठली,
त्याच्या बोटांतून पेला काढून घेतला
आणि वाकून उभी राहिली.
"हलू नकोस," तो म्हणाला.
तिनं माझ्याकडे बघून
डोळे फिरवले.