मधल्या नऊशे

काबराच्या दुकानात, स्टेशन रोडला,
काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्डं.
एक डब्यातलं, चिकटपट्टीसुद्धा न सुटलेलं.
एक पेपरात गुंडाळलेलं, पुण्याहून आलेलं,
तिथे म्हणे दोन वर्षं एका बंद खोलीत
साठ भावंडांसोबत नाणी खणत होतं,
पंखा न थांबवता.

मी वहीत उभी रेघ मारली.
डावीकडे आठ जीबी, एकशे अठ्ठावीस बिट,
एकशे पंधरा वॅट, तीन वर्षांची वॉरंटी,
एकतीस हजार.
उजवीकडे बारा, एकशे ब्याण्णव, एकशे सत्तर,
वॉरंटीच्या जागी मुजीबचं हसू,
सतरा हजार.

"कागजपे मत जाओ मॅडम," मुजीब म्हणाला.
"कागजपे तो जगात जर्मनी, देशात परभणी."

मग मी पेनड्राइव्ह काढला.
त्यात चार सेकंद आहेत.
मानवतचं लग्न, मे महिना, मंगलाष्टकं चाललेली,
नवरीच्या मागे उभा तिचा मामा
एकदम वर बघतो,
कॅमेऱ्याकडे नाही, कुणाकडेच नाही,
आणि हसतो. अक्षता टकलावर पडतात.
पोळ्याच्या आधी मामा गेला.
नवरीचा फोन आला, "ताई, तेवढे चार सेकंद मोठे करा की.
जेवढे होतेत तेवढे."

चार सेकंदांच्या फ्रेम शंभर.
चाळीस सेकंद करायचे तर हजार लागतात.
मधल्या नऊशे कुणी काढल्याच नाहीत.
त्या मामाकडेसुद्धा नव्हत्या.
आधीच्या आणि नंतरच्या चेहऱ्याकडे बघून
कार्डाने त्या रचायच्या,
शेजारणीने ऐकीव गोष्ट जोडून सांगावी तशा.

नवं कार्ड शांत. एकसष्ट अंश. पंख्याचा आवाज नाही.
पण पूर्ण आकारात घेईना, मेमरी भरली.
अर्ध्या आकाराने केलं तर चौदा मिनिटांत झालं,
आणि अक्षता सगळ्या एकमेकींत मिसळल्या,
मामाच्या डोक्यावर जणू कुणी
वाटीभर खीर सांडली.

जुनं कार्ड ओरडायला लागलं.
सत्तर, ऐंशी, सत्त्याऐंशी.
काबरा गल्ल्यावरून म्हणाले,
"अरे कामून एवढं बोंबलायलंय ते?"
बाहेर त्रेचाळीस होतं, दुकानात एसी नाही,
अठ्ठ्याऐंशीला त्याने स्वतःच पाऊल आखडतं घेतलं,
मग स्क्रीन काळी.
तोवर तीनशे फ्रेम झाल्या होत्या.
त्या तीनशेत दाणा न् दाणा सुटा होता.

वहीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

मुजीबने कार्ड उघडलं,
वाळलेली पेस्ट नखाने खरवडली, नवी लावली,
पंख्यातून धुळीची एक वात काढली
आणि ती पुण्याची आहे म्हणून मला दाखवली.
"रात को चलाओ. दिन में इसकू नक्को सताओ."

मी सतरा हजार मोजले. दोनशे कमी केले त्यांनी.

रात्री दोन वाजता विसावा कॉर्नरचं कुत्रंही झोपलेलं.
कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलंय,
समोर कूलर, पाणी न घालता, नुसता वारा.
अठ्ठ्याहत्तरवर काटा टेकलाय.
मी एकेक फ्रेम येताना बघते.
सहाशे एक्केचाळीसला मामाचे ओठ
हसूही नाही आणि दुसरंही काही नाही अशा जागी आहेत,
हा चेहरा त्याच्या बायकोनेही पाहिला नसेल.
तो होता का, मला सांगता येणार नाही.
खोडायचा की ठेवायचा, हेही कुठल्या कंपनीने
डब्यावर छापलेलं नाही.

एक अक्षता कपाळाच्या बोटभर वर
अजून पडायची आहे.

ठेवला.

सकाळी मीटर बघितलं. दोन युनिट.
नवरीच्या बिलात ते धरले नाहीत.