साबणाला फेस येतो तेव्हा

बारा गावचं पाणी प्यालेय मी, अगदी शब्दशः.
आज हे तेरावं.
नमुना सत्तेचाळीस, म्बालेम, खोल बोअर,
दोनशे ऐंशी मीटर, सकाळचे सात दहा.
पाणी हाताला कोमट लागतं.
खालच्या वाळूत ते हजारो वर्षं निजलेलं,
अंथरुणाची ऊब अजून अंगावर आहे.

सालूम इथे नदीसारखी वागत नाही.
समुद्र सोडून आत जावं
तशी खारट होत जाते, आणखी खारट.
पाऊस कमी झाला, भरती आत शिरली,
उरलेलं उन्हाने केलं.
काठची जमीन पांढरी पडलीय,
गाढवंही तिच्यावरून खूर उचलून उचलून चालतात.
उथळ विहिरींचं पाणी नळीत घेऊन
वर चांदीच्या द्रावणाचे चार थेंब टाकले
की दही लागतं.
त्या विहिरींवर आता पत्र्याची झाकणं,
झाकणांवर शेळ्या.

म्हणून हा बोअर.
तो लागला त्या दिवशी ढोल रात्रभर वाजले,
मी पाच वर्षांची, कुणाच्या तरी खांद्यावर,
गोड पाण्याचा फवारा थेट तोंडात.

थिओरो मावशी बादलीत कपडे बुचकळते.
"बघ सिगा, फेस बघ!
तुझ्या शहरातल्या नळाला येतो का असा?"
नाही येत, मावशी.
फेस तिच्या कोपरापर्यंत चढतो,
पोरं तो पळवून दाढ्या लावतात,
आणि मी वहीत लिहिते:
कॅल्शियम, जवळजवळ नाही.

खाली चिकणमाती बसलीय,
जुन्या वळणाची व्यापारी, वस्तूला वस्तू.
पाण्याजवळचं कॅल्शियम ठेवून घेते,
बदल्यात सोडियम मोजून देते.
पाणी मऊ होतं. डाळ शिजते, चहा रंगतो.
कॅल्शियम असतं
तर फ्लोराइडला धरून तळाशी बसलं असतं.
आता त्याला धरायला कुणी नाही.
फॉस्फेटच्या थरातून निघतं,
पाइपातून, पिंपातून, गाडीवरून घरोघरी जातं
आणि अजून न उगवलेल्या दाताशी
हिरडीच्या आत जाऊन थांबतं.

लिटरला चार पूर्णांक सहा.
चालतं दीड.

हसतील त्यांचे दात दिसतील,
म्हणून इथे हसण्याआधी हात वर जातो.
माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत
अख्खं गाव तोंड मिटून उभं आहे,
जणू मयताला आलंय.
डाकारला पहिल्याच आठवड्यात
वसतिगृहातल्या मुलीने विचारलं, "सालूमची ना तू?"
मी फक्त मीठ मागितलं होतं.
खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, न जागतो.
प्यालेल्या पाण्याला दात जागतातच.

गावाबाहेर शिंपल्यांच्या टेकड्या आहेत.
आमच्या कुठल्या कुठल्या पूर्वजांनी
कालवं खाऊन शिंपले फेकले, पिढ्यानपिढ्या,
त्यांच्यावर आता बाओबाब उभे आहेत.
लहानपणी आम्ही तिथून घसरायचो,
ढुंगण सोलवटून घरी यायचो.
सगळं कॅल्शियम.
वर इतकं, खाली एवढंसंही नाही.
हे मी प्रबंधात लिहिलं नाही,
कारण त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पंपाची किल्ली लातिरकडे असते.
त्याने माझा आकडा नीट ऐकून घेतला,
किल्ली या हातातून त्या हातात केली.
"वरचं खारट. खालचं गोड, ते दात खातं.
तिसरं दाखव."
मी पावसाच्या टाक्यांचं बोलले,
बाहेरून पाणी आणून यात मिसळायचं,
निधीचं बोलले,
फ्रेंच शब्द वापरले, जे सेरेरमध्ये नाहीत.
तो म्हणाला, "बरं."
मग रांगेतल्या पुढच्या पिंपाला नळ जोडला.

निघताना मावशीने माझी बाटली भरली,
नमुन्याची नव्हे, माझी.
ऊन चढलेलं, वाट चार तासांची,
आणि ती बघत उभी.
मी प्यायले.

फॉर्मवर शेवटचा रकाना असतो: चव.
तिथे पेन अडतं दर वेळी.
मागे बादलीपाशी कुणीतरी फेस उडवला
आणि मावशी हसली,
दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात,
तोंडावर न्यायला एकही मोकळा नाही.

गोड, मी लिहिलं.