चौसष्ट बाइट

दुरुस्ती एवढीशीच: एक ओळ तीन ओळी खाली नेलेली.
पाठवणारा किसुमूचा कुणी ओटिएनो.
लिहितो, ‘जोडणी तुटली की ही जागा आपण सोडून देतो,
आणि नंतर तिच्यातच वाचत बसतो.’

मला लीलाधरबापू आठवले.
सावद्याला समाजाची भांडी सांभाळायचे,
पराती, झारे, पातेली, सगळ्यांवर नावं कोरलेली.
एकदा त्यांनी न बघताच वहीत जमा लिहिलं
आणि तेच पातेलं फैजपूरच्या लग्नाला देऊन टाकलं.
इकडे त्यात वरण उकळत होतं.
एका पातेल्याच्या दोन कड्या
दोन लग्नांची माणसं धरून उभी.

ओटिएनोची ओळ वाचते. पटते.
पण आधी जुनं पाडून दाखवायला हवं.
जी भिंत पडतच नाही
तिला टेकू दिला म्हणून कोण मानेल?

भुसावळ. मे महिना.
रात्री अकरालाही फरशी पाय टेकू देत नाही.
दोन जुनी मशिनं: एक फाइली देणारं, एक मागणारं.
जोड, लिही, तोड.
जोड, लिही, तोड.
सहाशे वेळा. काही नाही.
चूकही कधी कधी पाहुणे पाहून आत जाऊन बसते.

पावणेदोनला लाइट गेली.
मागणारं इन्व्हर्टरवर जगलं, देणारं मेलं,
ऐन लिहिता लिहिता.
आणि जुना कोड आडवा.
पडद्यावर पत्त्यांची रांग,
सोडलेल्या जागेत वाचन, बरोब्बर तिथेच.
‘सापडलं!’ मी अंधारात ओरडले.
आतून आई: ‘काय सापडलं गं, इच्चू?’

मग नवा कोड. लाइट आल्यावर
बोर्डाचं बटण मीच मारत बसले,
बंद, चालू, बंद,
यार्डातल्या मालगाड्यांचे धक्के ऐकत.
तीनशे अकरा वेळा. उभा राहिला.

उजाडताना हिशेब काढला, घेतलेलं आणि परत केलेलं.
दर वेळी चौसष्ट बाइट कमी.
मधूनच परतायच्या एका वाटेवर राहून जातात.
इतकुसं. पण आमच्याकडे लाइट किती वेळा जाते
हे ओटिएनोला काय माहीत?
की त्याच्याकडेही जाते?

उत्तर लिहिलं:
‘तुझी ओळ बरोबर आहे. पण एक चमचा परत आलेला नाही.
तो आणून दे, मग माझं नाव लाव.’
‘चमचा’ खोडून ‘चौसष्ट बाइट’ केलं.
बापूंनी चमचाच ठेवला असता.