त्रेपन्नचे पन्नास

दाजी पेठेत झेरॉक्सच्या मागच्या खोलीत माझं दुकान.
लग्नं, गॅदरिंगं, एकदा तर कुणाच्या तरी भांडणाची साक्ष,
कॅसेटीतलं सगळं मी कॉम्प्युटरात उतरवून देतो.
मिनिटाला दोन रुपये. गर्दी नसते.

पुष्पलता मेरगू आल्या भर दुपारी, त्रेचाळीस अंशांत.
बोटांना विडीच्या तंबाखूचा वास,
रुमालात कॅसेट.
"वडलांचा आवाज. कारखान्यात टेप केलेला."

अठ्ठेचाळीस हजार, चोवीस बिट.
इनपुटचा काटा लालच्या जरा अलीकडे.
मशीननं आपणहून चढवलेले दागिने, बास, इको,
सगळे उतरवून ठेवले.
प्ले.
तेलुगूत कुणीतरी ओरडत होतं,
मिसरूड न फुटलेलं पोर असावं तसं.
"हे नव्हेत ते."

खुंटी सरकवली, अर्धा स्वर खाली.
"अजून."
दीड. "थोडं वर घ्या."
पुन्हा खाली. "आता... थांबा.
तीस वर्षं झाली हो. मलाच आठवेना झालंय."

मग मी माणूस सोडला आणि घरघर ऐकली.
आवाजाच्या तळाशी गाळासारखी बसलेली
विजेची घरघर, जी पुसण्याचेच मी पैसे घेतो.
ती पन्नासवर असायला हवी.
पडद्यावर सुळका त्रेपन्नला.
म्हणजे तेव्हाचा टेप दमलेला, हळू फिरला,
माझा धडधाकट, म्हणून पळतोय.

त्या काळी इथं वीज तरी कुठं नेमकी पन्नासवर यायची,
हे मनात आलं. बोललो नाही.

वेग आणि पट्टी एकत्र बांधून ओढली खाली.
त्रेपन्नचे पन्नास.
इस्तारी गज्जम खोलीत आले,
जड, घशात सुताची धूळ असलेले.
बाई स्टुलावर ताठ झाल्या.

नंतर म्हणाल्या, "मागची खटखट तेवढी काढा."
काढली. दोन सेकंदांचा नमुना घेतला, बारा डेसिबल, ओके.
चोवीस माग एका क्लिकमध्ये गप्प,
संपातसुद्धा एवढे झाले नसतील.
उरला रिकाम्या शेडमध्ये एकटा माणूस,
सहा वर्षांच्या पोरीवर खेकसणारा.

"काय म्हणतायत?"
"अम्मा, तिन्नावा. जेवलीस का, विचारतायत."
मग बराच वेळ काही नाही.
"रागावले होते का हो माझ्यावर?"

मी कंट्रोल झेड दाबलं.
माग सुरू झाले.
त्या खडखडाटात त्यांचं ओरडणं
पुन्हा साधं बोलणं झालं,
डबा घेऊन दारात उभ्या मुलीपर्यंत
कसंबसं पोचणारं.

बाई स्पीकरकडे वाकून
हळूच काहीतरी म्हणाल्या.
मागांच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही.