तासाभरात येते

लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्स हातांतून जातात,
गरम, भाकरीसारख्या.
त्यातलं एक सूत्र मला येत नाही,
पण झोपेतही पानं मोजते: पाठपोट, पाठपोट.

मंगळवारी शेजारच्या शमीमनं
शिलाई मशीनवरून पाय काढला, म्हणाली,
"चल की गं कुशाताई,
तोंड कागदावानी झालंय तुझं."
खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी लिहिलं, तासाभरात येते.
का, कुठं, ते नाही लिहिलं.

तिच्या स्कूटीवर रिंगरोड ओलांडून
हरंगुळच्या माळावर गेलो.
तिथं काही नव्हतं बघा.
काळे दगड, वाळलेलं कुसळी गवत,
एक बोरीचं झाड
आणि कुणाच्या कामाचा नसलेला वारा.

बोरं निम्मी किडकी.
शमीम निवडून खायची, मी न बघता.
उठताना पाहिलं तर साडीभर कुसळं.
"फुकटचं भरतकाम," ती म्हणाली,
आणि मी इतकी हसले, इतकी,
की लांबवर एक टिटवी चिडून उठली.

परतले तर शटरपाशी एक पोरगं,
चष्म्याचं, बारीक,
सराव परीक्षेचा पेपर घडी घालून उभं.
वाटलं, चिडणार आता.
ते पुठ्ठ्याकडं बघत म्हणालं,
"ताई, कुठं गेल्ता?"

पदरातली उरलेली बोरं त्याच्या हातावर ठेवली,
मशीन चालू केली.
ती तापेपर्यंत ते खात राहिलं,
बिया कुठं टाकाव्यात न कळून
मुठीत धरून.