पाटी

जूनमध्ये हुकूम आला, आणि नेदरकोटची पाटी
सुतार टफिननं कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं उखडली.
शत्रू उतरलाच छत्रीनं, तर त्याला कळता कामा नये
आपण कुठं उतरलो.
पाटी गेली टफिनच्या खुराड्यात.
दोन कोंबड्या रात्री तिच्यावर बसू लागल्या,
एक गावाच्या नावावर,
एक मैलांच्या आकड्यावर.

मिस स्ट्रोड त्या वर्षी कादंबरी लिहीत होती.
तिच्यात नायक नव्हता. लग्न नव्हतं. खून तर नव्हताच.
होतं एक गाव, सकाळी नऊ ते रात्री नऊ,
आणि कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडात संपेल
याचा भरवसा नव्हता.
पोस्टातली ईनिड लग ती टाइप करायची, पानाला दोन पेनी,
आणि संध्याकाळी आईला सांगायची,
"आजही काही घडलं नाही.
पाद्रीबाबांच्या हातून जॅम सांडला, त्यावर साडेतीन पानं."

पण पानागणिक माणसं ओळखू यायची:
चर्चच्या घंटा ओढणारे सहा जण,
घंटा बंद झाल्या तरी गुरुवारी जमून
दोरांकडे बघत बसणारे;
मिसेस पॉबजॉय, जिच्या गुलाबांना
दुसरं बक्षीस द्यायची कुणाची छाती नव्हती.
आणि या सगळ्यांना कवेत घेणारा
ओळीओळीत एकच शब्द: वुई.

त्या भाषेला तेवढ्या एकावरच भागवावं लागतं.
आपल्याकडे 'आम्ही' म्हणताना दार लागतं,
'आपण' म्हणताना उघडतं.
तिकडे ते नुसतं लोटलेलं,
आणि पाहुणा पायरीवर, टोपी हातात.

तसा उभा होता फेल्डहाइम,
व्हिएन्नाचा घड्याळजी, दोन वर्षं गिरणीवाल्याच्या माळ्यावर.
टफिनचा बाप गेला त्या साली
पावणेपाचला अडलेलं चर्चचं घड्याळ
त्यानं चालू केलं.
गाव म्हणालं, "फारच आभारी आहोत,"
आणि चहाला कधी येता, ते म्हणालं नाही.
घरोघरची घड्याळं काखोटीला मारून तो पायीच हिंडायचा;
कुठली वाट कुठं फुटते हे त्याच्याइतकं
त्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं.

जुलैत त्याला न्यायला लॉरी निघाली,
आणि चुकली.
तीनदा तळ्याला वळसा घालून तिथंच आली.
"नेदरकोट कुठं?" शिपायानं विचारलं.
मिसेस पॉबजॉय गुलाबांतून मान न काढता म्हणाली,
"सांगता येणार नाही."
टफिन म्हणाला, "कधी ऐकलं नाही बुवा."
हुकूम म्हणजे हुकूम.
नाव-गाव विचारणाऱ्याला
नाव-गाव सांगायचं नाही.

शेवटी फेल्डहाइमच बॅग घेऊन वेशीवर आला.
पाटीचा खड्डा अजून बुजला नव्हता,
त्याच्या काठाशी उभा राहिला,
हात उंच केला,
आणि आपल्या जड जिभेनं गावाचं नाव
अक्षरन् अक्षर नीट उच्चारलं.
"हेच ते," म्हणाला.
परतीची वाटही त्यानंच सांगितली:
ओढ्यापर्यंत सरळ, मग गिरणी सोडून उजवीकडे.
सांगता सांगता खिशातल्या घड्याळाला किल्ली दिली.

मिस स्ट्रोडनं ती दुपार लिहिली. सुरेखच लिहिली.
पान सुरू व्हायचं त्याच शब्दानं,
वुई, आणि मग रस्त्यावर उभे सगळे,
ऊन, लॉरीची धूळ, कुणाचं तरी अर्धं वाक्य.
ईनिडनं माणसं मोजली.
एक कमी भरत होता.
"मिस, यात ते धरलेत का?"
मिस स्ट्रोडनं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
"वाचणारा धरेल," म्हणाली.

त्या रात्री टाइप करताना ईनिडनं
त्या शब्दापुढं थोडी जास्त जागा सोडली,
टोपी हातात धरलेला माणूस
अंग चोरून मावेल इतकी.

छापखान्यातल्या कुणीतरी,
चूक समजून,
ती बुजवली.