मेंढ्या उतरतात तेव्हा

अलाझानीवरचा हा पूल तसा बुटकाच.
दोन गाळे, निळा कठडा,
आणि मधल्या तुळईच्या पोटात
आम्ही ओतलेलं वीतभर काळं काँक्रीट.
काळं, कारण त्यात कार्बनच्या नळ्या आहेत.
एका केसाच्या हजारो उभ्या चिरफाळ्या कराव्यात
आणि त्यातली एक उचलावी, इतक्या बारीक.

प्रयोगशाळेत त्या एकमेकींना सोडेनात.
नुसत्या गुठळ्या.
एतेर तीन दिवस पाणी थरथरवत बसली,
म्हणाली, आईची घोमी अशीच बिघडायची,
पण ती निदान शिव्या देऊन ढवळायची.

आता ओझं आलं की पूल दबतो,
नळ्या नळ्यांना टेकतात, वीज सुखानं चालते,
रोध उतरतो. ओझं गेलं की चढतो.
एवढंच येतं त्याला.
मी तिबिलिसीत बसून ते वाचतो:
ट्रक म्हणजे खोल खळगा,
शाळेची बस, दोन उथळ.
पाऊस पडला की पूल थापा मारतो;
त्या ओळखायला आमचा एक हिवाळा गेला.

ऑक्टोबरात तुशेतीहून कळप उतरतात.
पहिल्या वर्षी वाटलं, यंत्र बिघडलं.
रेष खाली आली आणि खालीच राहिली,
अकरा मिनिटं, अंगभर बारीक शहारा घेऊन.
फोन केला. मागे घंटा, आणि बिद्झिना ओरडत:
"आठशे आहेत! कुत्री धरून आठशे सहा.
तुझ्या पुलाला मोजता येतं का?"

येत नाही.
तरी दर वर्षी मी मिनिटं टिपून ठेवली.
अकरा. नऊ. साडेआठ.
यंदा चार.
त्याचा मुलगा पोलंडमध्ये गोदामात लागलाय,
हे एतेरकडून कळलं. काँक्रीटला ते ठाऊक नाही.

यंदा आणखी एक झालं.
मेंढ्या गेल्या, रेष वर आली,
आणि जुन्या जागेच्या जराशी वर जाऊन थांबली.
थंडी वजा केली. ओल वजा केली.
उरलं ते उरलंच.
आत कुठेतरी दोन नळ्यांचा हात सुटलाय.
भेग म्हणावी असं डोळ्यांना अजून काही नाही.

खात्याला कळवलं: जड ट्रक बंद करा.
मग बिद्झिनाला.
तो खूप वेळ हसला.
"कमी आणल्या म्हणून रुसला होय?"
नाही, म्हटलं, रात्री लाकडाचे ट्रक जातात, त्यांनी केलं.
तो गप्प झाला. मग म्हणाला,
"वसंतात वर जाताना नदीतून नेऊ?"

मी पुन्हा आकड्याकडे पाहिलं.
नको, म्हटलं. पुलावरूनच ने.
सावकाश ने.